मार्थाबाईंनी वर काढलेला धागा

भिंगारच्या मार्थाबाईंना एक खोड होती. कुणासाठी प्रार्थना केली, की पुढं काय झालं हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. अहो, चर्चची रीतच ती! एका रविवारी विनंती सांगायची आणि देवानं ऐकलं, की उभं राहून साक्ष द्यायची. साक्ष न देणारा माणूस बाईंना उसनी वाटी परत न करणाऱ्या शेजारणीसारखा वाटायचा.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई एका मराठी वेबसाईटवर गप्पांत रमल्या. तिथला एक नियम होता, जुना धागा, म्हणजे जुनी चर्चा, उगाच वर काढू नये. थंडावलेल्या चर्चेत कुणी एक ओळ जरी लिहिली, तरी ती चर्चा पहिल्या पानावर येऊन बसते. नियम बाईंना तोंडपाठ. नव्या लोकांना त्याच तर दटावायच्या!

पण एका दुपारी 'अबोली'चा जुना धागा त्यांच्या हाती लागला. अबोली हे साईटपुरतं घेतलेलं टोपणनाव, पोरगी कोल्हारकडची. नवरा पितो, हात उचलतो, डाळिंबाची बाग वाळत चाललीय, पोरीला घेऊन माहेरी आलेय, परत जाऊ का, असं तिनं विचारलं होतं. मार्थाबाईंनी तेव्हा 'प्रार्थना करते' असं लिहिलं होतं आणि मनापासून केलीही होती. अबोलीनं पुढं काहीच लिहिलं नव्हतं. बाईंनी चष्मा सारखा केला आणि लिहून मोकळ्या झाल्या, 'अबोली, मग काय झालं गं?'

संध्याकाळपर्यंत तिथं जत्रा भरली. तारीख बघतंय कोण! 'सोड त्या राक्षसाला.' 'पोलिसात जा.' 'असल्याला चौकात बडवला पाहिजे.'

मग अबोलीचा खासगी निरोप आला. 'मार्थाताई, मी परत गेले होते. यांनी दारू सोडली, पार सोडली. बागेबद्दल विचारायला आता हेही याच साईटवर येतात, मीच शिकवलं. आज यांनी ते सगळं वाचलं. गाव, बाग, पोर, ओळखायला कितीसा वेळ लागतो? भरलं ताट ठेवून बाहेर गेलेत.'

काय करून बसले मी! घाईघाईनं बाईंनी धाग्यावरच लिहिलं, 'चूक माझी. चर्चा जुनी आहे, कृपया थांबा.' झालं! धागा पुन्हा सगळ्यात वर आणि शिव्यांना नवा जोर.

"अगं, माफी मागशील तेवढ्यांदा तो वर येणार," त्यांचे यजमान एलिया म्हणाले. "गप बस की आता!"

बाईंनी साईट चालवणाऱ्यांच्या हातापाया पडून धागा बंद करवला. पण वाचू नये त्यानं वाचलंच होतं. त्या विचारानं बाईंना अन्न गोड लागेना.

रविवारी पाळकांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायचीय?" सवयीनं सगळ्यांच्या माना मार्थाबाईंकडे वळल्या. बाई खाली मान घालून बसून राहिल्या. सकाळीच अबोलीचा निरोप आला होता. 'हे घरी आले. पिऊन आले नाहीत, पण माझ्याशी बोलतही नाहीत. आमच्यासाठी पुन्हा प्रार्थना करा, मार्थाताई. फक्त या वेळी काय झालं ते विचारू नका.'