कोच जेवायला येतो

हरण्याचं काम इतक्या प्रामाणिकपणे करणारा माणूस अमेरिकेच्या पन्नास राज्यांत दुसरा सापडायचा नाही, आणि हा माणूस माझा सख्खा मावसभाऊ आहे. दादाचा जन्म इथलाच, शिकागोजवळच्या नेपरव्हिलचा. त्याच्या बरोबरीची आमच्या नात्यातली मुलं डॉक्टर नाहीतर कॉम्प्युटरवाली झाली. दादा दोन तासांवरच्या, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका छोट्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा हेड कोच झाला. मावशी ओळखीच्यांना "तो कॉलेजात असतो" एवढंच सांगते. लोक प्रोफेसर समजतात, आणि मावशी ती समजूत मोडत नाही.

हेड कोच म्हटलं की टीव्हीवरचा, हेडफोन लावून ओरडणारा साहेब डोळ्यांपुढे येतो. हेडफोन दादाकडेही आहे, पण मैदानावर रेषा मारणं आणि नव्वद पोरांचे घामट कपडे मशीनला लावणं ही कामंही त्याचीच. प्रतिस्पर्ध्यांच्या मॅचचं रेकॉर्डिंग मागेपुढे करून बघायची सवय तर इतकी अंगात मुरलीय, की माझ्या लग्नाचा व्हिडिओ बघतानाही रिमोट त्याच्याच हातात. अंतरपाट धरलेल्या काकांवर त्याने चित्र थांबवलं. "हे बघ, काका डावा पाय आधी मागे घेतात. अंतरपाट कधी खाली येणार, एव्हरीबडी नोज." मंगलाष्टकं त्याने म्यूट केली होती.

पण त्याची खरी गंमत पाहायची तर त्याच्याबरोबर खेळाडू बघायला जावं. असल्या छोट्या कॉलेजात खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, त्यामुळे कोचनेच शाळकरी खेळाडूंच्या घरी जाऊन आईबापांना पटवायचं असतं. थाट सगळा मुलगी बघायला गेल्याचा. घरचे जेवायला घालतात, दादा तीनदा वाढून घेतो, ताट स्वच्छ करतो, आणि कॉलेजची स्तुती करायची वेळ आली की नेमकं खरं बोलतो. दोन वर्षांपूर्वी मी बरोबर होतो. मुलगा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळा खेळ ज्याच्या हातात असतो तो. जेवताना म्हणाला, मला सिव्हिल इंजिनिअर व्हायचंय. दादाच्या कॉलेजात इंजिनिअरिंग नाही. तो गप्प बसला असता तर चाललं असतं. पण "मग आमच्याकडे येऊ नकोस," म्हणत त्याने नॅपकिनवर दुसऱ्या कॉलेजचं नाव लिहून दिलं, तेही ज्यांच्याशी दरवर्षी मॅच असते त्यांचंच.

गाडीत मी म्हटलं, "दादा, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास."

"अरे, आत्ताच जेवलो ना त्यांच्याकडे? खोटं कसं बोलणार, यार?"

यंदा कॉलेजच्या अध्यक्षांनी बजावलं होतं, की हरण्यापेक्षा जिंकणं जास्त झालं पाहिजे, नाहीतर दुसरा कोच बघू. सगळं शेवटच्या मॅचवर आलं. समोर तोच क्वार्टरबॅक, आणि त्याने दादाच्या टीमला धुऊन काढलं. मॅच संपल्यावर दादा मैदान ओलांडून त्याच्याकडे गेला आणि विचारलं, की सेकंड इयरचं मॅथ्स जमतंय का. सोमवारी दादाची नोकरी गेली.

आणि गुरुवारी अशाच एका खेळाडूच्या घरी जेवायला जायचं ठरलेलं होतं. मी म्हटलं, कॅन्सल कर. मावशी म्हणाली, "अरे, आता कशाला जातोस?"

"आई, त्यांनी स्वयंपाक सुरू केला असेल."

गाडी मी चालवली. दादाने दारातच सांगून टाकलं, की मी आता कोच नाही. नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं आणि आत या म्हणाले. जेवताना त्याने सांगितलं, कॉलेज चांगलं आहे, तुमच्या मुलाने जरूर जावं, नवा कोचही चांगलाच असेल. तो हे मनापासून बोलत होता. मुलाची आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "ते ठीक आहे. पण तिथे याच्याकडे लक्ष कोण देणार?"

दादाने हात पुसले. मग त्याने खिशातून आपलं कार्ड काढलं, त्यावरचं कॉलेजचं नाव आणि खालचं 'हेड कोच' पेनने खोडलं, आणि कार्ड तिच्यापुढे सरकवलं.

"नंबर तोच आहे," तो म्हणाला.

त्याला अजून दुसरी नोकरी मिळालेली नाही. रविवारी आम्ही मावशीकडे जेवायला बसलो की त्याचा फोन वाजतो, आणि मावशी आमटी वाढता वाढता म्हणते, "फोन घे आधी. कुणाची तरी आई असेल."