टीव्हीवर गाजलेला साबण

मंडळी, आज तुम्हाला एक विचारायचं आहे.

मी चितेगावजवळच्या एका लहान साबण कारखान्यात पॅकिंगला आहे. काल टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत मोलकरीण दारात येताच सगळे नाक धरतात. मालकीण आमच्या स्वस्त साबणाचं नाव घेऊन विचारते, "त्यानं अंघोळ केलीस का गं?" मागून हशा.

आज आमच्या मालकांनी तो तुकडा मोबाइलवर सगळ्यांना दाखवला आणि पेढे वाटले. "एक रुपया न देता टीव्हीवर नाव आलं!"

माझ्या शेजारी बसून चौदा वर्षं साबण गुंडाळणाऱ्या शमीमखाला म्हणाल्या, "नाव नाय शेठ, हसं झालं. माझी लेकरं ह्याच साबणानं न्हातात. त्यांचा बी वास येतो का?"

"खाला, तुम्हाला धंदा कळत नाय. पेढा खा."

त्यांनी पेढा तसाच खोक्यावर ठेवला.

मग मालकांनी मला फाटकावर बोर्ड लिहायला लावला: 'टीव्हीवर गाजलेला साबण'. माझं शुद्धलेखन चांगलं आहे म्हणून. नोकरीच्या भीतीनं मी लिहिला. एकही काना-मात्रा चुकली नाही.

सुट्टी झाल्यावर खाला त्या बोर्डाखालून मान खाली घालून गेल्या. तेव्हा मला मालिकेपेक्षा माझीच जास्त किळस आली.

खरं सांगा, तुम्ही लिहिला असता का?