रंगूबाईचा कॅन

पंचवटीतल्या पापड केंद्रात पीठ मळणारी रंगूबाई अंगाने किडकिडीत होती, पण तिच्या वाटेला जायची कुणाची टाप नव्हती. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात ती पांढरा प्लास्टिकचा कॅन मांडीवर घेऊन शहर बसमध्ये बसली, तेव्हा कंडक्टरने आत काय आहे म्हणून हटकलं.

"माझी लघवी हाय. दवाखान्यात तपासायला न्यायचीय," तिने अख्ख्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं. "तिला वेगळं तिकीट पडतं का?"

शेजारची बाई झटकन उठून उभी राहिली. रंगूबाई ऐसपैस बसली.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं होतं थोरल्या बहिणीपायी. चतुराबाई चांदवडला दिलेली. तिचं हृदय कमजोर झालं, पाय सुजले, डॉक्टरांनी मीठ तोडलं. ती बिचारी मुकाट अळणी भाकरी खात राहिली, तरी सूज चढतच गेली. मग सासरच्यांनी ठरवून टाकलं की ही चोरून खारट खाते, आणि लोणच्याची बरणी कुलपात गेली. चतुराबाई मेली, पण आळ काही मेला नाही. दहाव्यालासुद्धा बाया तेच कुजबुजत होत्या. मरणाचं दुःख रंगूबाईने गिळलं. हा आळ मात्र तिला गिळता येईना.

म्हणून मिठावर प्रयोग करणारे डॉ. निकुंभ धडधाकट माणसं शोधताहेत असं कळताच ती स्वतःहून गेली. जेवण आतड्यात उतरलं की तिथून एक हार्मोन रक्तात जातो. तो मूत्रपिंडांना जास्त मीठ बाहेर टाकायला लावतो का, आणि हृदयाचा स्वतःचा मीठ काढणारा हार्मोन त्याने वाढतो का, हे डॉक्टरांना बघायचं होतं. त्यासाठी शिरेतून एकदा तो हार्मोन द्यायचा, एकदा नुसतं सलाइन. त्याआधी काही दिवस दवाखान्याच्या डब्यातलंच मोजून मीठ घातलेलं जेवण, आणि शेवटच्या दिवसाची सगळी लघवी कॅनमध्ये. म्हणजे पथ्य पाळलं की नाही, ते कळे.

रंगूबाईचा कॅन तपासला आणि डॉक्टरांचा पारा चढला. डब्यातून जेवढं मीठ पोटात गेलं, त्याहून कितीतरी जास्त बाहेर आलं होतं. "चोरून काहीतरी खाल्लंत तुम्ही," ते म्हणाले. बायकांना पथ्य जमत नाही, पुढे फक्त पुरुषच घ्यावेत, असंही पुटपुटले. रंगूबाईच्या अंगाची लाही लाही झाली. तिने देवाची शपथ घेतली, पण कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवशी केंद्रात उडदाच्या पिठात मीठ आणि पापडखार पडला. तिने पीठ मळलं आणि सवयीने लाटी तोडून तोंडात टाकली. दुसरी तोडता तोडता तिचा हात थांबला. चव घेणं हे तिचं काम होतं. दर घाण्याला दोन-तीन कच्च्या लाट्या पोटात जात आणि त्याला खाणं म्हणतात हे तिच्या गावीही नव्हतं. पापड लाटणाऱ्या बाईला विचारा, लाटी कुणी जेवणात धरते का?

ती तशीच पिठाच्या हातांनी दवाखान्यात गेली. लाट्यांचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर हसले आणि झालं ते झालं म्हणून तिला वाटेला लावू लागले. ती दारातच ठिय्या मारून बसली.

"चुकले मी, पण चोरी नाय केली," ती म्हणाली. "ह्या दोन्हींतला फरक तुमी लिहीत नाय, म्हणून बाया चोर ठरत्यात. मला परत घ्या. माझ्यापायी दुसऱ्या बायांना काढायचं नाय."

डॉक्टरांनी बराच वेळ टाळाटाळ केली, शेवटी नाव पुन्हा लिहिलं. त्या आठवड्यात रंगूबाईने तोंडाला फडकं बांधून पीठ मळलं. शेजारच्या कुसाबाईने चव घेतली आणि एक अख्खा घाणा खारट करून ठेवला. मालकीण करवादली, बाया हसल्या, पण फडकं सुटलं नाही. कॅन बरोबर निघाला.

पुढे हार्मोनच्या आणि सलाइनच्या, दोन्ही वेळा तिने सुईसाठी हात पुढे केला. पावसाळा सरताना डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की आतड्याच्या हार्मोनने लघवीतून मीठ जास्त गेलं, हृदयाचा हार्मोन मात्र जागचा हलला नाही. असं का, ते अजून कळलेलं नाही. बाकीचे गेल्यावर रंगूबाईने बहिणीचं विचारलं.

"तो आजार वेगळा, रंगूबाई. त्याचं उत्तर ह्या प्रयोगात नाही," डॉक्टर म्हणाले. "पण एवढं आधीपासून माहीत आहे, की हृदय थकलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात. अळणी खाऊनही सूज चढू शकते."

"आधीपासून?"

"हो. फार आधीपासून."

तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच संताप आला. हे एक वाक्य चांदवडला कुणी वेळेवर बोललं असतं, तर बरणीला कुलूप लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून ती चांदवडची बस धरून निघाली. बहिणीचा नवरा सावळीराम ओट्यावर चारचौघांत बसला होता. त्याने बस म्हटलं, ती बसली नाही.

"दाजी, आक्का चोरून खात नव्हती. तिच्या अंगातून मीठ निघत नव्हतं. डॉक्टरला विचारून आलेय." तिने ओट्यावरच्या एकेकाकडे बघितलं. "आता जेवढ्या मोठ्यानं तुमी तिला चोर म्हणाला होतात, तेवढ्याच मोठ्यानं हे म्हणा."

रंगूबाई उन्हात उभीच राहिली, सावळीराम ते म्हणेपर्यंत.