जोडे लपवणारे मामाजी

माझ्या सासऱ्यांच्या घरातून पाहुणा स्वतःच्या मर्जीने वेळेवर बाहेर पडला, असं अख्ख्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आजवर कोणी पाहिलेलं नाही. त्यांना मी मामाजी म्हणतो. तसा माणूस साधा. घरचं धान, सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक फेरी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यांच्या ओसरीवर पाहुण्याचा पाय पडला, की मामाजींचं अर्धं लक्ष पाहुण्याकडे आणि अर्धं पाहुण्याच्या जोड्यांकडे असतं. पाहुणा जायला उठतो तेव्हा दाराशी त्याचा डावा जोडा नसतो. तो कधी धानाच्या कोठीत निघतो, कधी गोवऱ्यांच्या मागे. एका सहीपुरते आलेले एक साहेब दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवून, एका पायात मामाजींची चप्पल घालून गेले. माझं लग्नही पत्रिकेनं जुळलं नाही, डाव्या बुटानं जुळलं. मुलगी पाहायला आलो, चहा-पोहे झाले, उठलो तर बूट नाही. बस गेली, मुक्काम पडला, आणि बूट शोधायला मदत करणाऱ्या मुलीशी माझं पहिल्यांदा नीट बोलणं झालं.

यामागे त्यांचं एक शास्त्र आहे. "पावना 'जातो' म्हन्ते ते जावासाठी नाई म्हनत, जवाईबापू," ते सांगतात. "आपुन 'राहा' म्हन्तो का नाई, हे पाहासाठी म्हन्ते." पुण्याकडचे लोक निघताना 'येतो' म्हणतात, आमच्याकडे इतकं गोड बोलायची पद्धत नाही, सरळ 'जातो' म्हणतात. आणि मामाजी स्वतः पाहुणे असले की हे शास्त्र जास्तच कडक होतं. गोंदियाला आमच्या घरी आले की दोनेक दिवसांत पिशवी भरून उभे राहतात आणि 'जातो आता' म्हणतात. आपण पिशवी ओढून घ्यायची, त्यांनी नको नको म्हणायचं, मग अगदी नाइलाजानं पुन्हा आठवडाभर बसायचं. एकदा बायको स्वयंपाकाच्या गडबडीत नुसतं "बरं बाबा" म्हणून गेली. तासाभरानं स्टँडवरून फोन आला, "मी बसजवळ पोचलो. बस उभी हाये. चढू का?" मी स्कूटर काढून त्यांना घेऊन आलो.

असा हा माणूस मागच्या नाताळासाठी दोन आठवडे आधीच हॉलंडला गेला. माझी मेव्हणी तिथं नर्स आहे, तिथल्याच एका मुलाशी तिनं लग्न केलं. लग्न झालं तेव्हा मामाजी कोणाशी फारसं बोलले नव्हते. मग त्या जावयाच्या आईवडिलांनीच बोलावणं धाडलं, की नाताळ आणि नवीन वर्ष आमच्या घरी करा, आता आपण एक कुटुंब आहोत. गेल्यावर मात्र मामाजींचा सूरच बदलला. व्याही कालव्याचं पाणी अडवणाऱ्या दारांवरच्या नोकरीतून निवृत्त झालेला उंच, अबोल माणूस. दोघं मोबाइलच्या भाषांतरावर गप्पा मारत तासन्‌तास बांधावरून फिरायचे. "समुद्राले पाळ घातली बापा त्यायनं," मामाजी मला फोनवर सांगत, "अन् इवाई मले एकेक दार दाखवून राहिला." विहीणबाईंनी लोकरीची टोपी विणून दिली. त्यांच्यासाठी रोज भात व्हायचा, त्याचा रोज चिखल व्हायचा आणि मामाजी तो रोज मागून घ्यायचे. "लय माया लावून राहिले जवाईबापू," एकदा म्हणाले.

माया जेवढी जास्त, तेवढं निरोप मागणं जरुरीचं, हेही त्या शास्त्रातच आहे. नाताळच्या आदल्या सकाळी मेव्हणी ड्युटीवर गेली होती. मामाजी भरलेली बॅग घेऊन कॉफीच्या टेबलाशी उभे राहिले आणि मोबाइलमध्ये बोलले, "जातो आता. लय दिवस झाले." मोबाइलनं ते इमानदारीनं सांगून टाकलं. 'येतो' म्हणाले असते तर त्यानं 'मी येतोय' असं सांगितलं असतं, व्याह्यांनी खुर्ची पुढे केली असती आणि नाताळ सुखानं पार पडला असता. मला आजही त्या एका शब्दाची चुटपुट लागते.

व्याह्यांनी कप खाली ठेवून मोबाइल हातात घेतला. मग मोबाइलनं त्याच्या कोरड्या मराठीत विचारलं, "तुम्हाला घराची आठवण येत आहे का?" नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून मामाजी म्हणाले, "येते ना." त्या घरात माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची रीत. व्याह्यांनी मान हलवली, चष्मा लावला आणि कॉम्प्युटरवर दुसऱ्या दिवशीचं तिकीट करून दिलं. विहीणबाई डोळे पुसत सोबत द्यायला चीजचे गोळे बांधू लागल्या. मामाजी बॅग हातात धरून तसेच उभे होते. ती कोणी ओढून घेतली नाही. संध्याकाळी मेव्हणी आली, "बाबा, काऊन जाऊन राहिले?" म्हणाली. पण घराची आठवण म्हणजे काय असतं हे तिच्याइतकं त्या घरात कोणाला माहीत होतं? बाबांना आठवण येते म्हटल्यावर तिनंही आग्रह केला नाही.

शेवटची आशा जोड्यांची. नाताळच्या सकाळी मामाजी दाराशी गेले. दोन्ही जोडे जागेवर होते. पुसलेले, चकचकीत पॉलिश केलेले आणि बाहेर बर्फ म्हणून हीटरवर ठेवून गरम केलेले. व्याह्यांनी ते स्वतःच्या हातानं त्यांच्या पायाशी ठेवले.

इकडे आल्यावर मामाजी आठवडाभर रुसून पाळीवर बसून होते. "एकाही मान्सानं 'राहा' म्हनलं नाई," ते मला म्हणाले, "अन् जोडे तं तयारच ठेवले होते." माझ्या बायकोनं बहिणीला फोन लावून सगळं उलगडून सांगितलं. पलीकडे तिनं ते व्याह्यांना सांगितलं, आणि त्यांचं मोठं हसणं ऐकू आलं. मेव्हणीनं त्यांचा निरोप सांगितला, "पुढच्या नाताळला या. तुमचे जोडे मी कालव्यात फेकून देतो." मामाजींनी हे सगळ्या गावाला सांगितलं. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगितलं. पासपोर्ट जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आम्ही गावीच होतो तेव्हा मेव्हणीचा फोन आला. व्याही सकाळी कॉफी घेता घेता गेले. मामाजी बांधावरून चिखलाच्या पायांनी आले आणि ओसरीवर टेकले. पायांचा चिखल बोटानं खरवडत राहिले. मग म्हणाले, "जोडे गरम करून ठेवले त्यानं. मी समजलो, हाकलून राहिला." दोन भल्या माणसांनी एकमेकांना हवं तेच करायचं टाळलं, तेही निव्वळ चांगुलपणानं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

दिवाळीनंतर गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, आम्ही गेलो होतो. दोन दिवस झाले, मुलांची शाळा उघडायची होती, मी बॅग घेऊन दाराशी आलो. पायरीवर उन्हात माझा उजवा बूट ठेवलेला होता, पुसून, पॉलिश करून. डावा नव्हता. मामाजी खांबाला टेकून तलावाकडे पाहत बसले होते.

"दुसरा कुठं आहे, मामाजी?"

"एक इवायासारखा ठेवला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "एक माह्यासारखा." आणि जरा थांबून म्हणाले, "राहा ना."

मी बॅग खाली ठेवली, उजवा बूट पायात घातला. तो आतून गरम होता. तसाच एका बुटावर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.