खणाखणांची बोट

थेल्मा ब्रॅडक कालव्यावर बोटीत राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर नवरा होता, एक कुत्रा होता आणि एक बिडाचा तवा. नवरा गेला, कुत्रा गेला, तवा राहिला. जी वस्तू वर्षभर हातात घेतली नाही ती काठावर ठेवून द्यायची, कोणी ना कोणी नेतंच, हा तिचा खाक्या. म्हणूनच धाकटा भाऊ डेस्मंड निवृत्त झाल्यावर बोट विकत घेऊन तिच्या शेजारी राहायला आला आणि मागोमाग सामानाचा ट्रक आला, तेव्हा ती चहाचा मग घेऊन दारात उभी राहिली, ती शेवटचं खोकं उतरेपर्यंत हलली नाही.

डेस्मंडने जन्मभर लोकांना स्वयंपाकघरातली कपाटं विकली होती. माणसाची सगळी दुःखं खण कमी पडल्यामुळे होतात, अशी त्याची ठाम समजूत. बायको सोडून गेली तीसुद्धा कपाटं लहान होती म्हणून, असंच बहुतेक त्याने धरलं होतं.

बोट इतकी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरकावं लागे. तिच्यात त्याने पायऱ्यांच्या पोटात खण केले, बाकाखाली केले, पलंगाखाली केले, छताला लागून फळ्या ठोकल्या. प्रत्येक खणावर छापील चिठ्ठी. ‘दोऱ्या, जाड’. ‘दोऱ्या, बारीक’. एकावर ‘किरकोळ’ आणि त्याच्या शेजारी ‘इतर किरकोळ’. बारा माणसांचा जेवणाचा सेटही त्याने कागदात गुंडाळून बसवला. त्याच्या घरी जेवायला येतील अशी बारा माणसं त्याला आयुष्यात भेटली होती की नाही, याची थेल्माला शंका होती.

एकदा ती सगळं बघायला आत गेली आणि इंजिनावरचं झाकण कुठे आहे ते विचारलं. डेस्मंडने अभिमानाने मागच्या टोकाचं कपाट दाखवलं. झाकण त्याच्या खाली होतं.

“ते रोज कुठे उघडायचंय?” तो म्हणाला.

“रोजच उघडायचंय.”

तिने समजावून सांगितलं. बोटीचा पंखा फिरवणारा दांडा तळातून बाहेर पाण्यात जातो. त्या सांध्यात ग्रीस दाबत राहावं लागतं, नाहीतर पाणी ठिबकत आत येतं. पंप ते बाहेर टाकतो, पण पंप चालतोय की नाही हे वाकून बघावं लागतं. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी तसं डेस्मंडने मान डोलावत ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याने नवा खण केला आणि त्यावर चिठ्ठी लावली, ‘ग्रीस’. आतला डबा त्याने कधी उघडलाच नाही.

हिवाळा आला. पत्र्याच्या भिंतींना आतून घाम फुटला आणि ठासून भरलेल्या सामानामागे बुरशी चढली. थेल्मा आपल्या बोटीत गाद्या उभ्या करून वाळवत होती, शेगडीच्या धुराड्यातली काजळी काढत होती, गंज खरवडून रंग लावत होती. एकदा ती इंजिनाच्या खळग्यात पालथी पडलेली दिसली तेव्हा डेस्मंड काठावरून म्हणाला, “तुझ्याकडे व्यवस्था नाही, थेल, म्हणून तुला एवढं राबावं लागतं.”

 काठावरच्या सामाईक नळावर हे वाक्य तिने भेटेल त्याला ऐकवलं, अगदी त्याच्याच आवाजात.

मार्चमध्ये एका सकाळी ती कोळसा आणायला निघाली, तर डेस्मंडच्या बोटीचं मागचं टोक पाण्यात जवळजवळ बुडालेलं. तिने छपरावर मुठी आपटल्या. तो पायजम्यात बाहेर आला.

“कालपासून कपातला चहा तिरका दिसतोय,” तो म्हणाला.

“मग तू काय केलंस?”

“कपाखाली पुठ्ठा ठेवला.”

शेजारच्या बोटीवरचा ऑर्विल ग्रिमशॉ पेट्रोलवर चालणारा, पाणी उपसायचा पंप घेऊन धावत आला, पण पाईप घालायचा कुठे? झाकणावर कपाट, आणि कपाट आतून स्क्रूने पक्कं. पेचकस ‘हत्यारं’ लिहिलेल्या खणात, आणि तो खण ओलाव्याने फुगून गच्च अडकलेला. थेल्माने आपल्या बोटीतून पहार आणली.

“जपून,” डेस्मंड म्हणाला, “ते ओकचं लाकूड आहे.”

तिने जपलं नाही.

झाकणाखाली नडगीभर काळं पाणी होतं. बोटीच्या पंपाच्या तोंडाला खणावरची एक सुटलेली चिठ्ठी चिकटून बसली होती. काय लिहिलं होतं ते धुऊन गेलं होतं. ऑर्विलने पाणी उपसलं आणि बोट हलकी करायला सगळं सामान काठावर काढलं. पायवाटेवर लांबच लांब रांग लागली. फिरायला आलेल्या एका बाईने सूपचं झाकणाचं भांडं उचललं आणि हे द्यायचंय का, असं विचारलं.

डेस्मंडने थेल्माकडे पाहिलं. ती पहार पुसायला लागली.

“न्या,” तो म्हणाला, आणि ओल्या गवतात बसला. 

एरवी थेल्माच्या जिभेवर काहीतरी तयार असायचं.  आता तिने फक्त त्याला चहा करून दिला आणि कप स्वतः धुवायचा, असं बजावलं.

अर्धंअधिक सामान लोकांनी नेलं. ते कपाट थेल्माच्या शेगडीत गेलं. ओक छान जळतो, एवढं मात्र तिने कबूल केलं. डेस्मंड आता रोज झाकण उघडतो, वाकतो, बॅटरीच्या उजेडात सांधा बघतो.

त्यामुळे माणूस सुधारला असं कोणी समजू नये. उन्हाळ्यात एक तरुण जोडपं पुढच्या जागेवर बोट घेऊन आलं, तर हा पहिल्याच दिवशी त्यांच्या दारात. थेल्मा छपरावर रंग लावत होती.

“ग्रीस रोज,” तो सांगत होता. “माझा पहिल्यापासून हाच नियम.”

पहिल्यापासून. थेल्माचा कुंचला थांबला. आता हा चुकेल आणि आपण वरून दुरुस्त करू, म्हणून तिने कान देऊन सगळं ऐकलं, सांधा, पंप, तळातलं पाणी, जड सामान खाली ठेवणं. तो एकदाही चुकला नाही. तिची सगळी दुपार वाया गेली.