काचेला पेज पाजली

आमची ही गेल्यावर मी चुलीवर फक्त पेज ठेवायचो. तांदूळ, पाणी, मीठ. फोडणी नाही. फोडणीचा वास आला की ही स्वयंपाकघरात आहे असं वाटायचं, आणि नसायची. मग कशाला?

मुलगी म्हणाली, "अप्पा, सुम्ने, उगाच बसून भिंती बघता. चला माझ्याबरोबर लॅबला."

तेव्हापासून अग्रहारातल्या आमच्या घरातून रोज तिच्या स्कूटरवर मागं बसून जाऊ लागलो. मी चौथीपर्यंत शिकलेला. आम्ही रंगारी लोक. धंदा बसला तेव्हा जवळच्या बेळगोळ गावी फॅक्टरीत लागलो, तिथंच म्हातारा झालो. पोरगी मात्र चाळिशीत नोकरी सोडून पीएचडीला बसली. ढकललं हिनंच. अंथरुणावरून मला एकच सांगायची, "पोरीचं पुरं होऊ द्या. मधेच सोडू देऊ नका."

आणि पोरगी सोडायच्याच बेतात होती.

तिचं काम असं. पाण्यात प्लास्टिकचे मणी, नुसत्या डोळ्याला न दिसणारे. त्यांच्यावर विजेचा भार. करंट लावला की ते प्लसच्या टोकाकडे जायला पाहिजेत. मोठ्या भांड्यात जायचे. केसासारख्या काचेच्या नळीत घातले की उलटे, मायनसकडे.

"प्यायलेत काय गं?" मी विचारलं.

"काचेवर पण भार असतो, अप्पा. त्यामुळं भिंतीजवळचं पाणी उलटं सरकतं आणि मण्यांना ओढून नेतं. भिंत एकदा गप्प केली की नुसत्या अरुंद जागेमुळं मणी किती हळू होतो ते मला मोजता येईल."

भिंत गप्प बसेना. एक लेप नळी बुजवायचा, दुसरा सुटून यायचा. तिचे सर म्हणाले होते, या महिन्यात झालं नाही तर विषय बदला. ती घरी म्हणाली, "बदलायचं तर सोडूनच देते. साकू." साकू म्हणजे पुरे. मी हिला शब्द दिला होता.

माझ्याकडं एकच काम होतं. नव्या नळ्यांतून सिरिंजनं स्वच्छ पाणी सोडायचं. एक दिवस हात आपल्या सवयीनं चालले. आमच्या घरात नवं मडकं रंगाला घेण्याआधी त्याला पेज पाजायची रीत. कोरं मडकं रंग पितं, पोट भरलेलं पीत नाही. हे काम हिचं. म्हणायची, "आधी त्याला जेवू घाला, मग कामाला लावा." नळ्या नव्या होत्या, माझ्या जेवणाच्या डब्यात पेज होती. वरचं पाणी फडक्यातून गाळलं, नळ्यांना पाजलं, मग धुऊन ठेवल्या.

पोरीनं त्यातली एक लावली आणि किंचाळली. "अप्पा! सरळ चाललेत!"

पडद्यावर पांढरे ठिपके प्लसकडे निघाले होते. सावकाश, वरातीसारखे.

"काय केलंत या नळ्यांना?"

"पेज पाजली."

"काय?"

"नवं भांडं ना. तुझी आई पाजायची तशी."

"अय्यो अप्पा! ही लॅब आहे, चूल नव्हे!"

बोलता बोलता ती खाली बसली. हसायला लागली, मग रडायला लागली. "आईनं मला लहानपणी मडकी पाजायला बसवलं होतं. मी विसरलेच."

माझी पेज काही जादू नव्हती. दुसरी नळी पेजेनं पार बुजवली. पण पोरीला रस्ता दिसला: पेजेतलं पीठ काचेवर बसून तिचा भार झाकतं. शुद्ध पिठाचं पाणी मापून केलं, चुकली, परत केलं. विषय बदलायचं कुणी बोललं नाही. भिंती गप्प झाल्या, आणि नळी जितकी अरुंद तितका मणी हळू, हे तिनं सगळ्यांसमोर दाखवलं. परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी उठून तिचा हात हातात घेतला. मी मागच्या बाकावर. जोरात टाळ्या वाजवल्या, लोक वळून बघत होते. बघू देत.

लॅबमध्ये सगळे पेढ्यांची वाट बघत होते. पोरगी म्हणाली, "पेढे नाही. अप्पा, पेज." दुसऱ्या दिवशी हिच्या पितळी पातेल्यात नेली. त्या दिवशी सकाळी जिऱ्याची फोडणी दिली. वास घरभर झाला. मी तिथंच उभा राहिलो, हिला म्हणालो, "झालं बघ पुरं."

सरांनी पेला रिकामा केला आणि परत पुढं धरला. "यजमान्रे, इन्नू स्वल्प." अजून थोडी, मालक, म्हणे.

मी काठोकाठ ओतली.