हिसका बसायला नको

आमच्या हडकोपासून सासुरवाडीच्या पिशोरपर्यंत असा एकही खड्डा नसेल, ज्याची माझ्या साडूंशी व्यक्तिगत ओळख नाही. कोणता खड्डा नवा, कोणता बुजवून पुन्हा उघडला, कोणता गतिरोधक दिसायला गरीब पण उतरताना हलकट, हे ते भाऊबंदांबद्दल बोलावं तसं बोलतात. ही सगळी माहिती त्यांनी माझी कंबर वापरून गोळा केली आहे. मी दमलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्या मेव्हणीला असा नवरा मिळाला, त्यानं रविवारचा नाद सोडून द्यावा.

साडू मूळचे लासूर स्टेशनचे, नोकरीला वाळूजच्या एका कारखान्यात. तिथं ते तयार माल तपासतात, पास करतात किंवा परत पाठवतात. ही खोड ते कारखान्याच्या फाटकाआत ठेवून येत नाहीत. हॉटेलात खुर्ची आधी हलवून बघतील, मग बसतील. भाजीवाल्याकडं दुधीला नख लावतील, तो ओरडला तर त्यालाच समजावतील. माझ्या लग्नात मी अंतरपाटाआड उभा असताना यांनी मांडवाचा खांब धरून गदागदा हलवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो खांब लई ढिला हाय." मुहूर्त काही थांबला नाही, पण गुरुजींनी उरलेल्या मंगलाष्टका जरा घाईत उरकल्या.

मागच्या वर्षी ताईला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, मणक्याचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, दुचाकीवर बसायचं नाही, हिसका बसायला नको. आता कुणीही शहाणा माणूस जीप ठरवेल. पण ताईला गाडी लागते. बस असो, जीप असो, शहर सुटून हर्सूल यायच्या आत तिचं तोंड पिशवीत असतं. लग्नापासून ती माहेरी गेली ती साडूंच्या मोटारसायकलवरच. आणि पिशोरला आमच्या सासूबाई एकट्या असतात. त्यांच्या पायांत आता दारापुढं जायचा जोर नाही. दारात खुर्ची टाकून बसतात आणि रोज फोनवर एकच विचारतात, "कधी येतीस गं?" फोन ठेवला की ताई भिंतीकडं तोंड करून रडायची. बायको रडायला लागली की चपला घालून बाहेर पडायची साडूंची पद्धत आहे. एका दिवशी मात्र ते बाहेर गेले नाहीत. डॉक्टरांच्या बोलण्यातला पहिला भाग त्यांनी सोडून दिला आणि दुसरा कारखान्यातल्या मालाच्या अटीसारखा उचलला. "हिसका बसायला नको, व्हय ना? मग नाय बसणार. हे तर गाडीचं काम हाय."

गॅरेजवर त्यांचा विश्वास नाही, कारण तिथं मधे हात घालू देत नाहीत. त्यामुळं मोटारसायकल बैठकीच्या खोलीत आली. इंजिनाखाली विटा आणि विटांवर ताईचा जुना पोळपाट देऊन पुढचं चाक अधांतरी केलं. चाक सोफ्यावर पाहुण्यासारखं बसलं. मग हिसके झेलणाऱ्या पुढच्या शॉकअपच्या नळ्या खोलायच्या. नळीच्या बुचाखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, हे आम्हा दोघांनाही पहिल्याच रविवारी कळलं. साडूंनी बूच फिरवलं, ते पंख्याला लागलं आणि टीव्हीमागं गेलं. मी खाली बसलो होतो तो आडवाच झालो. साडूंनी बूच शोधलं, पुसलं आणि म्हणाले, "स्प्रिंग चांगली हाय." तेव्हापासून बूच दाबून धरायचं काम माझ्याकडं आलं. आतलं जुनं तेल काळंभोर, त्याला सडक्या मासळीचा वास. ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओतायचं, नवं तेल खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजून घालायचं. पातळ तेल घातलं की गाडी ब्रेक लावल्यावर नाक घासायची, जाड घातलं की प्रत्येक खडा मनगटात. मग पुन्हा उपसा, पुन्हा भरा. ताई दिवाणावर पडल्या पडल्या सांगायची, "अहो, सतरंजी तरी सरकवा." सतरंजी केव्हाच कामातून गेली होती.

चाचणीला मी, कारण माझं आणि ताईचं वजन सारखं आहे. साडूंनी हे चारचौघांत जाहीर केलं तेव्हा ताईलाही बरं वाटलं नाही आणि मलाही. मागं बसायचं, हातात ताकाचा काठोकाठ भरलेला पेला, टीव्ही सेंटरपासून हर्सूलपर्यंत जाऊन यायचं. ताक सांडलं की तेल बदला. सगळा हिवाळा मी ओल्या पँटीनं घरी आलो. बायकोनं विचारणं सोडून दिलं होतं. एकदा असेच निघत होतो तर दारात उभी राहिलेली ताई म्हणाली, "मी अशी बसते का हो कधी, दोन्हीकडं पाय टाकून?"

साडू गाडीवरून उतरले आणि पायरीवर बसले. ताई साडी नेसते आणि एका बाजूनं बसते, हे त्यांनी उभ्या संसारात रोज पाहिलं होतं. माल तपासणारा माणूस, पण माल उलटा धरून तपासत होता. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण ते उठले, मागच्या दोन्ही शॉकअपच्या, स्प्रिंग सैल-घट्ट करायच्या खाचा नव्यानं लावल्या आणि मला म्हणाले, "साडूभाऊ, आता डाव्या अंगाला तोंड करून बसा." मी शाळामास्तर माणूस. भर रविवारी, भर रस्त्यानं, गुडघे जुळवून, हातात ताक घेऊन एका अंगानं बसलो. आमच्या मुख्याध्यापिकांनी सिग्नलला पाहिलं. सोमवारी त्यांनी मला बोलावून, घरी सगळं ठीक आहे ना, असं फार हळू आवाजात विचारलं.

शेवटी मीच वैतागलो. म्हटलं, "अहो साडूभाऊ, पुरे करा आता. खराबी रस्त्यात आहे, गाडीत नाही." ते चिंधीनं हात पुसत राहिले. "रस्ता माझ्या हातात नाय ना," म्हणाले. त्याच आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. ताईनं बराच वेळ कानाला धरला आणि ठेवल्यावर म्हणाली, "आज आईनं कधी येतीस म्हणून विचारलंच नाही." साडूंनी हातातला पाना खाली ठेवला. मला म्हणाले, "ह्या रविवारी जाऊ. पास झाली म्हणायची."

पास झाली नव्हती, हे माझ्या पँटीला ठाऊक होतं. मी आणि बायको सकाळच्या बसनं पुढं गेलो, ताईची उशी आणि गोळ्या घेऊन. सासूबाईंना सांगितलं, ताई गाडीवरून येतेय. त्यांनी माझ्या बायकोकडून केस विंचरून घेतले, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि दारातल्या खुर्चीत बसल्या. घोटभर चहासुद्धा घेतला नाही. उन्हं डोक्यावर आली तरी पत्ता नाही, फोन लागेना. मला नको नको ते दिसायला लागलं. मग गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल आली, माणूस चालेल इतक्या सावकाश. ताई एका बाजूनं बसलेली, गाल साडूंच्या पाठीवर, तोंड किंचित उघडं. साडूंच्या पोटावर आलेला तिचा हात त्यांनी डाव्या हातानं धरून ठेवलेला. ती झोपली होती. कमरेपायी वर्षभर रात्री डोळ्याला डोळा न लागलेली बाई त्या रस्त्यानं येताना झोपली होती.

माझी बायको पुढं धावली. साडूंनी नुसती मान हलवली आणि गाडी दारावरून तशीच पुढं नेली. देवळाला वळसा घालून परत आले. थांबावं तर हिसका बसून ती जागी होणार, न थांबावं तर सासू हात पसरून बसलेली. माझ्या साडूंचा इतका कावराबावरा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. माझा सगळा राग कुठं गेला, कळलं नाही. सासूबाईंनी लेकीचा चेहरा डोळे भरून पाहिला आणि पसरलेले हात हळूच मांडीवर घेतले.

"निजू द्या तिला, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मी हाय इथंच."